बाईंना विचारा

बाई ऑफिसात कुणालाच नावानं हाक मारत नसत. नवा ज्युनिअर पहिल्या आठवड्यात ज्या दाव्यात तोंडघशी पडे, तेच त्याचं नाव होऊन जाई. दोन शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीच्या दाव्यात एकानं पूर्व आणि पश्चिम यांची अदलाबदल केली होती, तो 'भिंत'. सोसायटीच्या टाकीच्या भांडणात चुकीच्या सोसायटीला नोटीस पाठवणारी मुलगी 'टाकी'. माझ्यावर मात्र दाव्याची वेळ आलीच नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, काय चाललंय, आणि मी म्हणाले, "मॅडम, फाईल वाचून राहिली."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "राहायला जागा मिळाली का पुण्यात?"

"हो मॅडम. कोथरूडला, पीजी आहे."

"मग राहायचं ते तिथं. इथं नुसती वाच. गाव कोणतं?"

"वाशीम."

झालं. पुढची चार वर्षं मी वाशीम होते. सुरुवातीला मला ते लागलं. आमच्या घराण्यातली मी पहिली वकील. वस्तीतल्या विहाराच्या वाचनालयात बसून मी परीक्षेचा अभ्यास केला होता आणि सनद मिळाली तेव्हा आख्ख्या वस्तीनं पेढे खाल्ले होते. इतकं सगळं करून पुण्यात यायचं आणि कुणीतरी आपल्याला बसस्टँडच्या पाटीसारखी हाक मारायची. पण पुढे एकदा साक्षीदार म्हणून अकोल्याकडचे एक म्हातारे गृहस्थ आले आणि उलटतपासणीच्या भीतीनं थरथरायला लागले. बाईंनी मला पुढे ढकललं. "जा. याच्याशी तुझ्या भाषेत बोल. माझी भाषा ऐकली की त्याला वाटतं, मी त्याला रागावतेय." मी बोलले. ते शांत झाले. त्या दिवसानंतर त्या हाकेचं मला काही वाटेनासं झालं.

ऑफिस कोर्टापासून चालत दहा मिनिटांवर होतं. दोन फ्लॅटमधली भिंत पाडून एक केलेले, त्यामुळे दोन स्वयंपाकघरं, आणि दोन्हींत ओट्यापासून माळ्यापर्यंत फायली. मालक म्हणजे साहेब. उभे राहिले की कोर्ट ऐकत राही, असा माणूस. पण त्यांना 'नाही' म्हणता येत नसे. आलेल्या प्रत्येक पक्षकाराला ते म्हणत, "ठेवा कागद, होऊन जाईल," आणि कागद ठेवले जात. मग केबिनमध्ये पहिला जो कुणी शिरेल त्याच्या हातात ती फाईल. एकाच नोटिशीचं उत्तर तिघांनी तयार केलंय आणि दुसऱ्या नोटिशीला कुणीच उत्तर दिलेलं नाही, हे आमच्याकडे नेहमीचं होतं. व्हॉट्सॲपचे चार ग्रुप होते. कुठल्या ग्रुपवर काय टाकायचं, ते कुणालाच माहीत नव्हतं. मध्ये एकदा साहेबांनी तारखांसाठी सॉफ्टवेअरही घेतलं. आठवडाभर सगळ्यांनी त्यात तारखा भरल्या आणि मग सोडून दिल्या, कारण त्याची गरजच नव्हती. काहीही अडलं, तारीख, फाईल, कुठल्या कोर्टात कुणी जायचं, की साहेब केबिनमधून एकच वाक्य ओरडत: "बाईंना विचारा!"

आणि बाई सांगत. रोज सकाळी साडेनऊला त्या हॉलच्या मधोमध उभ्या राहत. कडक स्टार्चची पांढरी सुती साडी, वर काळा कोट, एका हातात चहाचा कप. दुसरा हात रिकामा. कागद नाही, डायरी नाही, फोन पर्समध्ये बंद. "भिंत, तिसऱ्या कोर्टात. साक्ष आहे, साडेअकराच्या आत नंबर येईल, आधी जेवू नकोस. टाकी, तू मुदत मागायची नाहीस, मागच्या वेळी मागितलीयस. वाशीम, माझ्याबरोबर." दहा मिनिटांत चाळीसेक प्रकरणं वाटून होत. अमुक दाव्यात शेवटची तारीख कधी होती, त्या दिवशी न्यायाधीश काय म्हणाले, समोरच्या वकिलानं कोणता कागद दिला नाही, हे त्या चहाचे घोट घेत सांगत. साहेब आणि त्या एकाच वर्षी कॉलेजातून बाहेर पडले होते. सव्वीस वर्षं त्या या ऑफिसात होत्या. दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव नव्हतं.

मी एकदा धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, "पाटीवर नाव आलं की माणसाला पाटी पुसत बसावं लागतं." एवढंच. त्यात किती राग होता आणि किती खरोखरीची बेफिकिरी, ते मला आजही सांगता येणार नाही.

शिकवण्याची त्यांची पद्धत विचित्र होती. मसुदा लिहून नेला की त्या आधी तो आपल्याकडूनच मोठ्यानं वाचून घेत. हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. वाचताना दम लागला की म्हणत, "तुलाच दम लागतोय, मग न्यायाधीशाचं काय होईल?" नंतर कागद ठेवून घेत आणि तासाभरानं परत देत. त्यावर एकही दुरुस्ती नसे. चुकलेल्या ओळीशेजारी समासात फक्त पेन्सिलचा एक ठिपका. काय चुकलं ते आपण शोधायचं. कधी तारीख चुकलेली असे, कधी नुसतं क्रियापद, तर कधी कायद्याचं कलम बरोबर असूनही ते त्या माणसाच्या कामाचं नसे. विचारायला गेलं तर त्या एकच प्रश्न करत: "या माणसाचं बिघडलंय काय, ते एका वाक्यात सांग." सांगायला लागलं की निम्म्या वेळा चूक आपोआप सापडे. मी वकिली शिकले ती त्या ठिपक्यांवर.

म्हणूनच ती दुपार मला स्वच्छ आठवते. मी एका मनाई अर्जाचा मसुदा दिला होता आणि तिसऱ्या पानावर ठिपका आला होता. मी ती ओळ वाचली. कलम पाहिलं, तारखा पाहिल्या, नावांची अक्षरं तपासली, मूळ कागद काढून ताडून पाहिले. दुपारचा चहा गेला, चार वाजले. शेवटी मी त्यांच्या टेबलाशी गेले. "बाई, नाही सापडत."

त्यांनी पान घेतलं. वाचलं. पुन्हा वाचलं. ओळीखाली बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचलं. एरवी हे काम त्या एका नजरेत करत. मी वाट पाहत उभी होते.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"मला बरोबर वाटतेय."

"मग बरोबर असेल," त्या म्हणाल्या. त्यांनी खोडरबर घेऊन ठिपका पुसला, कागदाला भोक पडेल इतक्या जोरानं, आणि पान माझ्याकडे दिलं. वर पाहिलं नाही.

त्यानंतर माझं लक्ष जायला लागलं. एका सकाळी त्यांनी दोघांना एकाच साक्षीला पाठवलं. एकदा मला 'भिंत' म्हणून हाक मारली, आणि भिंत तर वर्षापूर्वीच नोकरी सोडून गेला होता. आपला चहा झालाय हे विसरून त्या दुसरा मागवत आणि आला की कपाकडे अशा बघत की जणू कुणी परका माणूस समोर येऊन बसलाय. दुसऱ्या कुणाच्या हे ध्यानात आलं असेल का? मला वाटतं, आलं असेल. पण ऑफिसचा सगळा डोलारा ज्या एका खांबावर उभा आहे, तो खांब हलतोय असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मी एक उपाय काढला. रोज सकाळी बसमध्ये कोर्टाच्या ॲपवर आमच्या प्रकरणांच्या तारखा बघायच्या आणि बाईंचं सांगून झालं की जिथं चूक असेल तिथं त्या माणसाला गुपचूप गाठायचं. "अरे, तुझं आज पाचव्या कोर्टात आहे, बाईंनीच मला सांगितलं निरोप द्यायला." सुमारे दोन महिने हे चाललं. एकही तारीख हुकली नाही. मला स्वतःचा अभिमान वाटत होता. मी त्यांना सांभाळून घेतेय, असं मला वाटत होतं.

मग वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि मी पाच दिवसांसाठी वाशीमला गेले. दवाखान्याच्या धावपळीत ॲप एकदाही उघडलं नाही.

मंडईमागच्या एका गल्लीत सुमनताईंची पिठाची गिरणी होती. सासऱ्यांपासून चालत आलेला एवढासा गाळा, भाड्याचा. गव्हाच्या डब्यांची रांग बाहेर पायरीवर, आत एक मशीन, आणि पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवयांच्या सुमनताई. भाजणी दळून घ्यायला लोक लांबून तिथं येत. मालकाला ती इमारत पाडून नवी बांधायची होती आणि बाकीचे भाडेकरू उठून गेले होते. सुमनताई उठल्या नाहीत. त्यांच्या बाजूनं आम्ही दावा लावला होता आणि मालकानं गाळ्याला हात लावू नये असा तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. दावा चालला होता तो साहेबांच्या नावावर. मागच्या दोन्ही तारखांना साहेब दुसऱ्या कोर्टात अडकले होते म्हणून आम्ही मुदत मागितली होती. पुढची तारीख चौदा होती.

तेराला सुमनताईंनी ऑफिसात फोन केला. साहेब म्हणाले, बाईंना विचारा. बाईंनी फोन घेतला आणि सांगितलं, "उद्या नाही हो, चोवीसला आहे. तुम्ही गिरणी बंद ठेवून येऊ नका, आम्ही आहोत."

चौदाला पुकारा झाला तेव्हा आमच्याकडून कुणीही नव्हतं. आधीच्या दोन मुदती समोर होत्याच. कोर्टानं दावा गैरहजेरीत काढून टाकला आणि दाव्याबरोबर मनाई हुकूमही गेला. मालकाला ते त्याच दिवशी कळलं. आम्हाला कळायला शनिवार उजाडला. शनिवारी सकाळी त्याच्या माणसांनी गाळ्याचं कुलूप तोडलं, मशीन ओढून बाहेर काढलं आणि आतली भिंत पाडली.

सोमवारी मी परत आले तेव्हा बाई ऑफिसच्या दारातच उभ्या होत्या. "पर्स ठेवू नकोस. चल," म्हणाल्या. आम्ही रिक्षानं मंडईत गेलो.

गिरणी गल्लीत फुटपाथवर आडवी पडली होती. मोटर उपटलेली, पट्टा तुटलेला. दळायचा दगड मधोमध तडकला होता. लोकांचे डबे शेजारच्या दुकानदारानं आपल्या ओट्यावर ओळीनं लावून ठेवले होते, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी तशीच. सुमनताई त्या डब्यांपाशी बसल्या होत्या. बाईंना पाहून त्या उठल्या नाहीत.

"मी फोन केला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही चोवीस म्हणालात."

"हो," बाई म्हणाल्या. "मी चोवीस म्हणाले."

"मी लिहून ठेवलंय. भिंतीवर लिहून ठेवलं होतं खडूनं. ती भिंत पण पाडली त्यांनी."

बाईंनी वाकून त्या तडकलेल्या दगडावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. उठल्या तेव्हा त्यांच्या काळ्या कोटाच्या बाहीला पीठ लागलेलं होतं. मी झटकायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

दुपारी साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं बसलो. दावा पुन्हा सुरू करून घ्यायचा तर अर्ज द्यावा लागतो आणि आपण का गैरहजर राहिलो त्याचं कारण प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागतं. साहेबांच्या डोक्यात ते तयार होतं.

"तारीख हिच्याकडे दिली होती," माझ्याकडे बोट करून ते म्हणाले. "वडिलांचं ऑपरेशन, गावी जायची घाई, निरोप द्यायचा राहिला. ऑपरेशनचे कागद आहेतच, ते जोडू. ज्युनिअरची चूक कोर्ट माफ करतं." मग माझ्याकडे वळून, अगदी मायेनं, "तुला काही होत नाही गं. हे सगळ्यांच्याच बाबतीत एकदा होतं."

हे सांगायला मला लाज वाटते, पण त्या क्षणी मी 'हो' म्हणायच्या तयारीत होते. नोकरी होती, साहेब होते, आणि त्यात बाईंवरही काही येणार नव्हतं.

"तारीख तिच्याकडे नव्हती," बाई म्हणाल्या.

"अहो, ती कागदावर कुणाकडेच नव्हती! तीच तर अडचण आहे."

"कागदावर नव्हती, कारण हे ऑफिस सव्वीस वर्षं माझ्या डोक्यात चाललंय. ते डोकं आता चालत नाही. हेच लिहायचं."

साहेब खुर्चीत मागे रेलले. त्यांचा चेहरा उतरला. "असं लिहिलंत तर उद्या आपल्या प्रत्येक प्रकरणात समोरचा वकील विचारेल."

"विचारू दे. विचारायलाच पाहिजे."

"आणि तुमचं काय? हे एकदा रेकॉर्डवर आलं की तुम्हाला पुन्हा उभं राहता येणार नाही."

"राहूच नये," बाई म्हणाल्या.

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. मग हळू म्हणाले, "मी नाही त्या अर्जावर सही करणार. मला नाही जमणार ते." ते घाबरले होते हे खरं. पण नुसतेच घाबरले नव्हते. सव्वीस वर्षांत त्यांनी या बाईंना सगळं विचारलं होतं, 'तुम्ही कशा आहात' एवढं सोडून. ते त्यांना त्या दुपारी कळलं असावं.

वकीलपत्रावर साहेबांबरोबर माझंही नाव होतं. मी म्हणाले, "मी करते सही."

बाईंनी प्रतिज्ञापत्र सांगितलं, मी टाईप केलं. आठ ओळींचं. मग मी आपल्या मनानं खाली एक परिच्छेद घातला, की बाईंच्या स्मरणातल्या चुका मला दोन महिन्यांपासून माहीत होत्या आणि मी त्या कुणाला सांगितल्या नाहीत. नेहमीप्रमाणे त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावलं. शेवटच्या परिच्छेदाशी मी अडखळले.

"तू माझ्या मागून तारखा तपासत होतीस," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे. ॲप बघतेस, मग त्यांना जाऊन निरोप देतेस, माझं नाव सांगून."

मला रडू आलं. "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं ना. मला वाईट वाटलं असतं आणि सुमनताईंची गिरणी वाचली असती." त्या थांबल्या. आवाज चढलेला नव्हता. "मलाही कळत होतं गं. मीही नाही सांगितलं कुणाला. तुला तरी कुठल्या तोंडानं बोलू?"

त्यांनी तो परिच्छेद खोडला. "हे माझं प्रतिज्ञापत्र आहे. तुझं तू सुमनताईंना तोंडानं सांग. आज."

मी गेले. सुमनताई त्या वेळी पर्वतीच्या पायथ्याला बहिणीकडे राहत होत्या. मी सगळं सांगितलं. बाईंचं, माझं, दोन महिन्यांचं. त्यांनी मला पाणी दिलं होतं, ते मी ओठाला लावू शकले नाही.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि तुम्ही आपसांत एकमेकींची मनं जपत बसलात."

मी पेला खाली ठेवला.

"आता खरं बोलताय ते बरं करताय. पण तुमच्या खऱ्यानं माझा दगड सांधणार आहे का? वीस वर्षं मी त्या दगडाला दर महिन्याला स्वतःच्या हातानं, छिन्नी घेऊन टाकी लावलीय." त्यांनी पेला उचलून आत नेला. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "दुसरा वकील करायची माझ्यात ताकद नाही. तुम्हीच चालवा. पण त्या बाईंना सांगा, माझ्यासमोर येऊ नका म्हणावं."

मी तो निरोप बाईंना जसाच्या तसा दिला. त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे त्यांचं."

अर्जाच्या दिवशी बाई सकाळी अकराच्या आधीच कोर्टात येऊन बसल्या होत्या. सुमनताई दाराबाहेर उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. न्यायाधीश तरुण होते, बाईंना ओळखणारे. प्रतिज्ञापत्र वाचताना त्यांनी दोनदा वर पाहिलं.

"बाई, यासोबत वैद्यकीय कागद नाहीत."

"अजून डॉक्टरकडे गेले नाही, सर. आधी इथं आले."

"आपण बसून बोललात तरी चालेल."

"उभीच बरी आहे."

समोरच्या वकिलांनी हरकत घेतली. ते त्यांचं कामच होतं. वकिलाच्या विस्मरणाचा भुर्दंड मालकानं का सोसावा, असं ते म्हणाले. त्यावर बाईंनी उत्तर दिलं, कोर्टात बोललेलं त्यांचं शेवटचं वाक्य ते: "त्यांनी सोसू नये, आणि आमच्या पक्षकारानंही सोसू नये. मी सोसते. दावा पुन्हा सुरू करा."

कोर्टानं दावा पुन्हा सुरू करून घेतला. गाळ्याचा ताबा मात्र लगेच मिळाला नाही. त्यासाठी आणखी आठ महिने भांडावं लागलं. पण त्या दिवशी निदान दावा जिवंत झाला. बाहेर आल्यावर बाईंनी कोट काढला, घडी घातली आणि हातावर घेतला. सुमनताई समोरच होत्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बाई बाजूच्या जिन्यानं खाली उतरून गेल्या.

त्यानंतर त्या ऑफिसात आल्या नाहीत. साहेबांनी आठवडाभरात भिंतीवर एक मोठा पांढरा फळा लावला आणि रोज सकाळी स्वतः त्याच्यावर तारखा लिहायला लागले. त्यांचं अक्षर इतकं वाईट की कुणाला ते लागत नसे. नव्या प्रकरणांना ते प्रथमच 'नाही' म्हणताना मी ऐकलं. पण जुन्या फायलींमधून चुका निघत राहिल्या. मी वर्षभरानं बाहेर पडले. सुमनताईंचं वकीलपत्र माझ्याकडे आलं.

बाई कोथरूडला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. माझ्या खोलीपासून जवळच, त्यामुळे रविवारी मी जात असे. काही रविवार चांगले असत. मी मसुदा नेई, त्या मोठ्यानं वाचायला लावत आणि मधेच हात वर करून थांबवत, आणि खरोखर तिथंच काहीतरी चुकलेलं असे. काही रविवारी त्या मला, "कुणाच्या तुम्ही?" असं अदबीनं विचारत. मी सांगत असे. एकदा त्यांनी विचारलं, "त्या गिरणीवाल्या बाईंचं काय झालं?" मी म्हणाले, गाळा मिळाला परत, नवं मशीन बसवलंय, दावा चालू आहे. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं. त्या दुपारी चार वेळा विचारलं. बाकी सगळं गळून गेलं तरी एवढं त्यांच्याजवळ उरलं होतं, आणि ते गेलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं.

निकालाचा दिवस ठरला तेव्हा मी बाईंच्या बहिणीला सहज सांगितलं. आणायचं की नाही, ते त्यांच्यावर सोडलं. मी कोर्टात पोचले तर शेवटच्या बाकावर दोघी बसलेल्या. बाईंनी पांढरी साडी नेसली होती, केस नीट विंचरलेले. आजूबाजूला नव्या वकिलांची गर्दी, त्यांतलं कुणी त्यांना ओळखत नव्हतं.

सुमनताई उशिरा आल्या. सगळे बाक भरलेले. त्या घटनेला दोन वर्षं होऊन गेली होती आणि तेवढ्या काळात त्यांनी बाईंचं नाव माझ्यासमोर काढलं नव्हतं. त्यांनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं, क्षणभर थबकल्या. बाईंच्या बहिणीनं उठून आपली जागा दिली. सुमनताई बसल्या, अंग चोरून, मधे पिशवी ठेवून.

आमचा पुकारा झाला. मी पुढे उभी राहिले. न्यायाधीशांनी निकालाचा शेवटचा भाग वाचला. दावा मंजूर. मालकानं कायद्याच्या मार्गाखेरीज गाळ्याला हात लावायचा नाही. दोन मिनिटांत सगळं झालं आणि पुढचा पुकारा सुरू झाला. मी फाईल गोळा करून मागे वळले.

बाई गोंधळून इकडेतिकडे पाहत होत्या. त्यांनी शेजारी बसलेल्या सुमनताईंनाच विचारलं, कोर्टात बोलायची सवय असलेल्या, अख्ख्या खोलीला ऐकू जाणाऱ्या आवाजात, "कुणाचा दावा होता हा?"

मी जागच्या जागी थांबले. शिपायानं गप्प बसायची खूण केली. सुमनताईंनी बाईंकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्यांच्याकडे सरकल्या.

"आपला होता, बाई."

"काय झालं?"

"मिळाला."

बाईंच्या कपाळावरची आठी गेली नाही. काहीतरी राहून गेलंय असं त्यांना वाटत होतं. त्यांनी सुमनताईंच्या मनगटाला धरलं.

"पक्षकाराला कळवलंत का?"

"हो," सुमनताई म्हणाल्या. "कळवलं."